आधी टेस्टचा फॉर्म सिस्टरच्या हातात द्या, गोळीचं मग बघू

सायकियाट्रिक नर्सना नीट ट्रेनिंग देऊन काही औषधं लिहायची आणि टेस्ट सांगायची परवानगी द्यावी का, हा विषय पुण्यात कुठेही काढून बघा, पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "म्हणजे आता सिस्टरच डॉक्टर होणार का?" डॉक्टर मंडळींच्यात काढला तर पुढचं वाक्यपण ठरलेलं, "आधीचे बोगस कमी पडतायत का?" आणि हे विचारणारे सगळे वाकड्यात शिरायचं म्हणून विचारतात असं अजिबात नाही, महाराष्ट्रात गेली दहा-बारा वर्षं कोणी कुठलं औषध लिहायचं यावरून जो घोळ चाललाय तो बघता कोणीही दचकेलच.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. परवानगी द्यावी. पण ज्या क्रमाने सगळे बोलतात त्याच्या उलट्या क्रमाने द्यावी. आधी टेस्ट सांगायचा अधिकार, तोही लगेच. मग डॉक्टरने एकदा बसवून दिलेलं औषध पुढे चालू ठेवायचा आणि ठरलेल्या मर्यादेत डोस कमीजास्त करायचा अधिकार. नव्या पेशंटचं पहिलं निदान आणि पहिली गोळी मात्र सध्या डॉक्टरकडेच राहू दे. मी ना डॉक्टर ना नर्स. घरात बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार) असलेला धाकटा भाऊ आहे, बरा आहे, नोकरी करतो, लिथियम घेतो, आणि त्याच्याबरोबर ओपीडीच्या बाकावर बसून बसून जे दिसलं त्यातून हे मत झालंय.

लिथियमपासूनच सुरू करते कारण हा सगळा वाद त्या एका गोळीत मावतो. जुनं औषध, स्वस्त औषध, बायपोलरमध्ये अजूनही त्याच्या तोडीचं फारसं काही आलेलं नाही. पण कामाचा डोस आणि विषारी डोस यात अंतर अगदी थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये हवी, दीडच्या वर गेली की हात जोरात थरथरतात, जुलाब-उलट्या, तोल जातो, बोलणं जड होतं, आणि तेव्हाही कोणी बघितलं नाही तर फिट, बेशुद्धी, किडनीचं नुकसान. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी लिथियम लेव्हल, आणि निदान सहा महिन्यांतून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, आणि थायरॉइड. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणजे रात्रीची गोळी घ्यायची, सकाळची न घेता लॅबमध्ये जायचं आणि रक्त दिल्यावर मग घ्यायची. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगायला कोणी नसतं म्हणून लोक सकाळची गोळी खाऊन, चहा पिऊन रक्त देतात, रिपोर्ट उगाच जास्त येतो, आणि मग डोस कमी होतो आणि दोन महिन्यांनी माणूस पुन्हा रात्र रात्र जागायला लागतो.

आता यात आपल्याकडची भर बघा. आषाढीची पालखी निघाली, लिथियमवरचा माणूस वारीला गेला, घाम, पाणी पिणं कमी, दिवे घाट चढल्यावर गुडघे धरले म्हणून वाटेतल्या कुठल्यातरी सेवा शिबिरातून दुखण्याची गोळी घेतली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी किडनीवाटे लिथियम बाहेर पडायचं कमी होतं, पातळी चढते. निर्जळी एकादशीनेही चढते. बीपी निघालं आणि फॅमिली डॉक्टरने मीठ बंद करायला सांगितलं, तर मीठ एकदम तोडलं तरी चढते, वर बीपीच्या काही गोळ्यापण तेच करतात. यात फॅमिली डॉक्टरला बोल लावता येत नाही कारण मनाच्या आजाराची गोळी चालू आहे हे पेशंटने त्याला सांगितलेलंच नसतं, लाज वाटते. ओपीडीत सायकियाट्रिस्टला सांगायचं तर समोर पाऊणशे माणसं, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. "झोप येते? गोळ्या घेतो? तेच चालू ठेवा." केस पेपरवर 'सीटी ऑल' लिहिलं जातं, म्हणजे सगळं तसंच चालू, आणि पुढचा नंबर. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्या गर्दीत देवाला बसवला तरी तो 'सीटी ऑल'च लिहील.

एका सरकारी दवाखान्यातल्या इंजेक्शन रूमच्या दारात बघितलेलं सांगते. भोरकडची एक आई, विशीतला मुलगा, लिथियमवरचा, तो महिन्याच्या इंजेक्शनला आलेला. सिस्टरने सिरिंज भरता भरता त्याच्याकडे बघितलं आणि सिरिंज बाजूला ठेवली. "हात पुढे कर रे. बोटं लांब कर. अशी नाही, पसर." बोटं थरथरत होती, नेहमीच्या बारीक कंपासारखी नाही, चांगली जाड थरथर. "मावशी, हा पाणी पितो का? जुलाब वगैरे झाले का मध्ये? दुसरी कुठली गोळी चालू केली का?" तेव्हा ती बाई म्हणाली की कंबर धरली होती त्याची, म्हणून गावच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्यात, आठ दिवस झाले, त्याने बरं वाटतंय. सिस्टरच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला सगळं कळलंय. पण लिथियम लेव्हलच्या फॉर्मवर सही डॉक्टरची लागते, डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेले, दुसरे राउंडवर, आणि लॅबचं कलेक्शन बंद व्हायला थोडाच वेळ राहिलेला. तिने मुलाला बाकावर बसवलं, कंबरेची गोळी आजपासून बंद म्हणून सांगितलं, भरपूर पाणी पाज म्हणाली, आणि केस पेपरच्या मागे एक ओळ लिहून मावशींना डॉक्टरांच्या केबिनबाहेर पुन्हा रांगेत उभं केलं. तेवढंच तिच्या हातात होतं. पुढे त्या मुलाचं काय झालं ते मला माहीत नाही, आमचा नंबर आला.

म्हणून म्हणते, आधी टेस्ट. औषध लिहायचं म्हटलं की लोक घाबरतात, पण टेस्ट सांगण्यात घाबरण्यासारखं काय आहे? सायकियाट्रीतल्या बहुतेक टेस्ट या निदानाच्या नाहीतच, त्या पहाऱ्याच्या आहेत आणि कधी करायच्या ते ठरलेलं आहे. स्किझोफ्रेनियातलं क्लोझापिन चालू केलं की पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या, मग महिन्याला. त्याच जातीच्या ओलान्झापिनवर काही माणसं चार-सहा महिन्यांत दहा-दहा किलो चढतात, तर वजन, कंबर, शुगर, कोलेस्टेरॉल बघायचं. बायपोलरमधल्या व्हॅलप्रोएटवर लिव्हर आणि प्लेटलेट, आणि पेशंट बाई असेल तर मूल व्हायचं वय, लग्नाचं वय हे सगळं विचारायचं, कारण पोटातल्या बाळाला ते औषध फार वाईट आहे. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना डिप्रेशनची गोळी चालू केल्यावर काही आठवड्यांत भ्रम झाल्यासारखं व्हायला लागलं, घरच्यांना वाटलं आजार वाढला, निघालं काय तर सोडियम उतरलेलं. म्हाताऱ्या माणसांत असल्या गोळ्यांनी सोडियम उतरतं हे पुस्तकात पहिल्या पानावर असेल, पण सोडियम बघा असं कोणी सांगितलंच नव्हतं. यातल्या एकाही गोष्टीला एमडी लागत नाही. लागतं ते यादी घेऊन मागे लागणारं माणूस, आणि ते काम नर्सइतकं चोख कोणी करत नाही.

आणि पुण्यात तर अजून एक कारण आहे. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-बारा व्हिटॅमिन कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. बी-बारा फार उतरलं की विसरभोळेपणा, उदासी, चिडचिड, कधीकधी चक्क भ्रम. थायरॉइड मंदावला की हुबेहूब डिप्रेशन. म्हणजे वरण-भात-तूप खाणाऱ्या शहरात 'काही करावंसंच वाटत नाही' म्हणणाऱ्या माणसाचं बी-बारा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, बघायलाच हवं, आणि तो दोन महिन्यांनी डॉक्टरपर्यंत पोहोचेल तेव्हा रिपोर्ट हातात असेल तर ती तीन मिनिटं तरी सत्कारणी लागतील.

यावर एक आक्षेप मला पटतो. लॅबचा कट. प्रायव्हेटमध्ये टेस्ट सांगणाऱ्याला काय पोचतं हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे, तर सिस्टरच्या हातात फॉर्म दिला की लॅबवाला उद्या सिस्टरच्या टेबलावर दिवाळीचा डबा घेऊन हजर. म्हणून अधिकार आधी सरकारी दवाखान्यांत द्या, जिथे लॅब घरची आहे, आणि टेस्टची यादी छापील ठेवा, अमुक औषध असेल तर अमुक टेस्ट अमुक दिवसांनी. यादीबाहेरची हवी असेल तर डॉक्टरला विचारायचं.

आता गोळीकडे येऊ. आकडे सगळ्यांना पाठ आहेत तरी एकदा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हता हे गमतीचं. त्यात मानसिक आजार असलेल्यांपैकी उपचारच मिळत नाहीत अशांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के आलं. देशात लाख माणसांमागे सायकियाट्रिस्ट पाऊण, म्हणजे ०.७५, असावेत निदान तीन. पुण्यात राहून हे खरं वाटत नाही कारण डेक्कनवर दगड मारला तर सायकियाट्रिस्टच्या पाटीला लागेल अशी परिस्थिती आहे. पण वेल्ह्याला, म्हणजे आता राजगड तालुका म्हणायचं, तिथे मारा दगड. येरवड्याचं मनोरुग्णालय २५४० खाटांचं, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, आणि राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं मिळून चार हेच वर्षानुवर्षं चालत आलेलं, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्यातून डॉक्टरची टीम तालुक्याला ठरलेल्या वारी जाते, तो वार चुकला, एसटी चुकली, पेरणी आली, की पुढच्या फेरीपर्यंत गोळ्या संपतात.

गोळ्या संपल्यावर काय होतं ते कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून घालून चार तुकडे झालेलं प्रिस्क्रिप्शन, तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची, शाई उडालेली, दुकानदार त्याच्याकडे बघतही नाही, "दादा, तीच ना? पंधरा देऊ का महिन्याच्या?" कायद्याने ही शेड्यूल एचची औषधं, डॉक्टरच्या चालू चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पण दुकानदाराने दिली नाहीत तर माणूस पंधरा दिवसांत पुन्हा येरवड्याच्या रस्त्याला लागेल हे त्यालापण माहितीये. म्हणजे आज आपल्याकडे मनाच्या आजाराच्या फॉलोअपचं सगळ्यात मोठं केंद्र कुठलं असेल तर मेडिकलचं काउंटर. जो प्रश्न विचारत नाही, वजन बघत नाही, हात पुढे कर म्हणत नाही. मग मला सांगा, डॉक्टर विरुद्ध नर्स अशी तुलना करून कसं चालेल? त्या तालुक्याच्या माणसासाठी तुलना नर्स विरुद्ध दुकानदार अशी आहे, आणि तिथे माझं मत कुणाला हे सांगायला नको.

वॉर्डात तर हे चोरून चालूच आहे. रात्री दोनला पेशंट खवळला, खिडकीवर डोकं आपटतोय, सिस्टर फोन लावते, "सर, बेड नंबर अमुक, फार ॲजिटेटेड आहे, सेरेनेस-फेनर्गन देऊ?" म्हणजे शांत करायची इंजेक्शनं. पलीकडून झोपेत, "हो द्या." सकाळी राउंडला येऊन सर ऑर्डर लिहितात, सही करतात, वेळ रात्री दोनची टाकतात. अनुभवी सिस्टर फोनच्या आधीच इंजेक्शन भरून बसलेली असते कारण काय लागणार ते तिला माहिती असतं, आणि नवीन पोस्टिंगवर आलेला ज्युनियर रेसिडेंट तिलाच विचारतो, "सिस्टर, इथे काय देतात?" यात काही भानगड झाली की मात्र "मी फोनवर असं म्हणालोच नव्हतो", आणि मेमो कोणाला? तिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. निर्णय तिचा, कागद दुसऱ्याचा आणि जबाबदारी सोयीप्रमाणे. मला वाटतं अधिकार देणं हे नर्सवर उपकार करणं नाहीये, जे काम ती करतेच त्याला नाव, मर्यादा आणि विमा द्यायचा आहे.

कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो मे २०१८ पासून लागू झाला आणि ज्याच्या मसुद्यात आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएस या कायद्याच्या संस्थेतल्या मंडळींचा मोठा वाटा होता, त्यात मानसिक आरोग्य परिचारिका ही 'मेंटल हेल्थ प्रोफेशनल' म्हणून धरलीय, राज्य प्राधिकरणाने तिची नोंदणी करायची हेपण त्यात आहे. इतपत छान. पण त्याच कायद्याचं १०६ वं कलम सांगतं की कुठल्याही प्रोफेशनलने आपल्या क्षेत्रात अधिकृत नसलेलं औषध किंवा उपचार सुचवायचा नाही. म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दुसरीकडे २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात ३२ वं कलम आलं, कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित लायसन्स, प्राथमिक आरोग्यात ठरावीक औषधं स्वतः लिहायची मुभा, बाकी डॉक्टरच्या देखरेखीत. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने तेव्हा देशभर आंदोलन केलं. कायदा झाला, पण ते लायसन्स घेतलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. नर्सिंगमध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६-१७ च्या सुमारास क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आणलाय, त्यात आयसीयूतली नर्स ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार टेस्ट सांगते, औषधं सुरू करते. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या बाबतीत ज्या देशाला हे चालतं त्याला थायरॉइडची टेस्ट चालू नये हे मला कळत नाही. २०२३ मध्ये नर्सिंगच्या १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवीन कमिशनचा कायदा संसदेने केला आहेच, तर हे बसवायला जागा आहे.

"मग होमिओपॅथीवाल्यांना का विरोध?" असं कोणी विचारेलच. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून एक वर्षाचा फार्माकोलॉजीचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना मॉडर्न औषधं लिहायला परवानगी दिली, प्रकरण कोर्टात गेलं, २०२५ मध्ये त्यांच्या वेगळ्या रजिस्टरवरून डॉक्टरांनी सप्टेंबरात एक दिवसाचा संपपण केला. मला त्या वादात डॉक्टरांची बाजू बरीचशी पटते, आणि म्हणूनच फरक सांगायला हवा. तिथे एका वेगळ्या शास्त्रात शिकलेल्या माणसाला दुसऱ्या शास्त्राची अख्खी औषधपेटी, कुठल्याही आजारासाठी, स्वतःच्या दवाखान्यात, एकट्याने. इथे मी बोलतेय ते याच शास्त्रात शिकलेल्या, याच वॉर्डात दहा-दहा वर्षं काढलेल्या, रोज हीच औषधं हाताने देणाऱ्या आणि त्यांचे परिणाम बारा-बारा तास बघणाऱ्या माणसाबद्दल, आणि तेही पंधरा-वीस औषधांपुरतं, टीममध्ये राहून. दोन्हीला एकाच तागडीत टाकणं सोयीचं आहे, बरोबर नाही.

बाहेरच्या देशांत हे नवीन राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून खास कोर्स केलेल्या नर्सला आपल्या कौशल्याच्या कक्षेत जवळपास सगळी औषधं लिहिता येतात, आयर्लंडने २००७ मध्ये तसे नियम केले, अमेरिकेत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर मास्टर्स करून हे काम करतात आणि निम्म्याहून जास्त राज्यांत डॉक्टरच्या सहीशिवाय करतात. कोक्रेन ही अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१६ च्या रिव्ह्यूत ४६ अभ्यास एकत्र करून बघितले तर नर्स आणि फार्मासिस्टनी लिहिलेल्या औषधांचे परिणाम डॉक्टरांच्या बरोबरीने आले. मात्र त्यातले बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आणि भर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल असल्या मोजता येणाऱ्या गोष्टींवर, तेव्हा तो कागद नाचवून 'सिद्ध झालं' म्हणायची घाई करू नये. आणि अमेरिकेचं दुसरं टोकपण बघावं, २०२२ मध्ये सेरेब्रल नावाच्या ऑनलाइन मानसोपचार कंपनीची तिथल्या न्यायखात्याने चौकशी लावली, आरोप हा की व्हिडिओ कॉलवर पटापट उत्तेजक औषधं लिहिली जात होती, आणि तिथे लिहिणारे बरेचसे नर्स प्रॅक्टिशनरच होते. माझ्या मते दोष नर्सच्या डिग्रीचा नव्हता, टार्गेटचा होता, डॉक्टर बसवले असते तरी कंपनीने तेच करून घेतलं असतं. पण त्यातून आपल्याला एक धडा आयता मिळतो, की सवय लावणाऱ्या गोळ्या यादीत नकोत. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे शेड्यूल एच-वन मधली औषधं, ज्यांचं दुकानदारालापण वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, ती नर्सने फक्त कमी करत आणायची, नवीन सुरू करायची नाहीत. खरं तर झोपेची गोळी हळूहळू सोडवणं हे काम नर्सला द्यायला सर्वात योग्य, दर आठवड्याला पाव गोळी कमी, मध्ये फोन, धीर देणं. डॉक्टरला त्याला वेळच नाही.

मला ज्याची खरी भीती वाटते ते वेगळंच आहे. आज वॉर्डात पेशंटशी बोलणारं माणूस एकच, सिस्टर. डॉक्टर येतात, विचारतात, जातात. सायकॉलॉजिस्ट असला तर वारानुसार. रात्री एकला जो पेशंट "सिस्टर, माझी आई येणार होती ना?" म्हणतो त्याला उत्तर देणारी ती. तिच्या हातात पेन दिलं की तिच्या टेबलावरपण रांग लागेल, औषध कंपन्यांचे एमआर येतील, पॅड आणि कॅलेंडर येतील, आणि वर्षभरात तीपण 'सीटी ऑल' लिहायला लागेल. तसं झालं तर आपण एक चांगली नर्स घालवून एक घाईतला डॉक्टर कमावला. आगीतून फुफाट्यात. यावर माझ्याकडे रामबाण नाही. पण एक अट टाकता येईल, की नर्सच्या क्लिनिकला दिवसाची पेशंटसंख्या बांधून द्यायची, प्रत्येकाला निदान पंधरा मिनिटं, आणि एमआरला त्या खोलीत प्रवेश नाही. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसोबत एक मोठी ट्रायल झाली होती, २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आली, त्यात गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन गोळ्या, कामधंदा, घरच्यांची समजूत हे सगळं बघायचे, औषध डॉक्टरच लिहायचे, आणि नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा त्याचा थोडा का होईना जास्त फायदा दिसला. तिथे वेळ दिल्याने फरक पडला. तो वेळ ठेवूनच पेन द्यायचं.

ट्रेनिंगबद्दल फार लांबण लावत नाही. सहा महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स काढून, शेवटी फोटो काढून मोकळं व्हायचं असेल तर राहू दे. एमएस्सी सायकियाट्रिक नर्सिंग किंवा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, त्यावर मनोरुग्ण विभागातली निदान पाच वर्षं, आणि त्यावर एक वर्ष सायकियाट्रिस्टच्या शेजारी बसून, प्रत्येक चिठ्ठी दोघांनी बघून. परीक्षेत औषधांची नावं विचारू नका, ती तिला झोपेत येतात. समोर थरथरणारा हात ठेवा आणि हा लिथियमचा, पेसिटेन ही कंप कमी करायची गोळी बंद केल्याचा, थायरॉइडचा की दारू सुटल्याचा ते विचारा. कधी थांबायचं आणि कधी वर फोन करायचा हे ज्याला येतं त्यालाच पेन.

आता हे सगळं झालं असं धरू. तरी एका गोष्टीवर गाडी अडणार हे मला दिसतंय. सरकारी नोकरीत नर्सिंगमध्ये स्पेशालिटी शिकून आलेल्या सिस्टरची पुढच्या बदलीत रवानगी बाळंतपणाच्या वॉर्डात होते, आणि मनोरुग्ण विभागात ऑर्थोमधली येते, जिला तिथे यायचंच नसतं. एका परिचित सिस्टरने रजा काढून, स्वतःच्या पैशाने डिप्लोमा केला, परत आल्यावर तिला लसीकरणाला लावलं. पगारात एक रुपया वाढला नाही. तिला मी हा सगळा विषय सांगितला तर ती हसली आणि म्हणाली, "ताई, जबाबदारी वाढवणार ते कळलं, ग्रेड पे कोण वाढवणार ते सांगा." तेव्हा मंत्रालयातल्या कोणी खरंच फाइल हलवायची म्हटलं तर पहिली नोटिंग औषधांच्या यादीची नको, स्वतंत्र पदाची हवी, सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर म्हणून वेगळी केडर, वेगळा पगार, आणि बदली झाली तरी एका मनोरुग्ण विभागातून दुसऱ्या मनोरुग्ण विभागातच. आयएमएचा विरोध त्यानंतर येईल, त्याच्याशी बोलता येईल.